कै. कृष्णवेणीची मुलगी

टपालानं पाठवलेलं पाकीट आठव्या दिवशी जसंच्या तसं परत आलं. ते हातात घेऊन शिवकामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा कृष्णवेणी भाताची पेज निथळत होती.

"अम्मा," पाकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून पोरीनं विचारलं, "मयत म्हणजे काय?"

कृष्णवेणीच्या हातातलं झाकण तसंच अधांतरी राहिलं. पाठवणाऱ्याच्या जागी तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं आपलं नाव होतं, कृष्णवेणी महालिंग, तिरुभुवनम्. आणि त्या नावापुढे जांभळ्या शाईनं, वळणदार पण किंचित थरथरत्या हातानं, तो एकच शब्द लिहिलेला होता. त्या अक्षराची ओळख पटायला तिला क्षणही लागला नाही. याच हातानं तिचं बोट धरून पाटीवर पहिला 'श्री' गिरवून घेतला होता...

"मयत म्हणजे मेलेलं माणूस," ती म्हणाली.

"पण हे तर तुझ्या नावापुढे लिहिलंय."

"हो. ते माझ्या वडिलांचं अक्षर आहे."

त्या दुपारी भात चुलीवरच निवत राहिला आणि एकोणीस वर्षं मनाच्या तळाशी दडपून ठेवलेली गोष्ट कृष्णवेणीला लेकीसमोर उलगडावी लागली. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात दक्षिणेत येऊन राहिलेलं, कुंभकोणमला मठाजवळच्या गल्लीत नांदणारं वैष्णव घराणं. वडील रघूत्तमराव तिथल्या कोर्टात बेंच क्लार्क. आणि त्या घरची बावीस वर्षांची थोरली मुलगी तिरुभुवनमच्या रेशीम विणणाऱ्या घरातल्या महालिंगशी लग्न करून निघून गेली. साल चौऱ्याहत्तर. वडिलांनी तिला शिव्याशाप दिले नाहीत, शोधायला माणूस धाडला नाही, पोलिसांतही गेले नाहीत. त्यांनी दर्भाची एक बाहुली केली, तिला मुलीच्या रेशमी परकराचा तुकडा गुंडाळला, कावेरीच्या घाटावर नेऊन तिला अग्नी दिला, घागर फोडली आणि सुतक धरलं. विड्याची पानं विकणारी एक म्हातारी त्या दिवसांत तिरुभुवनमला येत असे. तिनंच टोपली खाली ठेवता ठेवता सांगितलं होतं, "आज तुझं तेरावं आहे गं, पोरी." तेव्हा कृष्णवेणी नव्या सासरी, मागाशेजारी बसून रेशमाचा गुंता सोडवत होती.

कुंभकोणम् ते तिरुभुवनम्, आठ किलोमीटर. बसनं वीस-पंचवीस मिनिटं. रस्त्याच्या एका टोकाला ती चूल पेटवत होती, पोर वाढवत होती, आजारी पडून बरी होत होती. आणि दुसऱ्या टोकाला दर वर्षी तिच्या तिथीला तिच्या नावानं पिंड ठेवले जात होते. रस्ता तोच होता. तिनं तो एकदाही कापला नव्हता.

आता हे सगळं उकरावं लागलं ते शिवकामीच्या अर्जापायी.

विणकरांच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी मद्रासहून एक वकीलबाई आल्या होत्या. अंगठा उठवणाऱ्या बायकांना समोर बसवून, त्या बायकांनी कशावर अंगठा उठवला होता ते वकीलबाईंनी एकेक ओळ वाचून दाखवलं. पंधरा वर्षांची शिवकामी त्या दिवशी घरी आली ती वकील व्हायचं ठरवूनच. आणि तंजावरला एक जुना धर्मादाय निधी होता. दक्षिणेतल्या मराठी घराण्यांतल्या मुलांना, मुलीच्या मुलांनासुद्धा, कायद्याच्या पाच वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती तो देत असे. पण त्याची अट कठीण होती. बारावीची परीक्षा व्हायच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर संपायच्या आत, अर्जावर एकाच कॉलेजाचं नाव लिहून द्यायचं. निवड झाली की तेच कॉलेज. मग दुसरीकडे अर्ज नाही, दुसरी कोणती शिष्यवृत्ती नाही. आणि त्या कॉलेजात प्रवेशच मिळाला नाही तर निधीचं दार कायमचं बंद.

शिवकामीला हवं होतं बेंगळूरचं कायद्याचं नवं विद्यालय. त्याची प्रवेशपरीक्षा मे महिन्यात. देशभरातून मुलं बसणार, जागा मूठभर. शाळेतल्या बाई म्हणत होत्या, वेडेपणा करू नकोस, मद्रास लिही, तिथे तुझ्या गुणांवर जागा नक्की आहे. निधीच्या चिटणिसांनी तर पत्रातून पुणं सुचवलं होतं, आपल्या मुलखात शिकलेलं बरं म्हणून. शिवकामीनं ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि शेजारच्या खोलीत खटखटणाऱ्या मागाकडे बघून विचारलं, "आपला मुलूख म्हणजे हा की तो?"

कॉलेजाची ओळ म्हणून अजून कोरीच होती. पण तिच्याखालची एक ओळ त्याहून अवघड होती: आईकडील घराण्याच्या कर्त्या पुरुषाचा दाखला व सही. तो कर्ता पुरुष अजून एकच होता, आणि त्याच्याकडे पाठवलेला अर्ज न उघडता परत आला होता. मुदतीला चार दिवस उरले होते.

"मी जाते," कृष्णवेणी म्हणाली. "मेलेल्याचं पत्र ते घेत नाहीत. प्रत्यक्ष गेल्यावर काय करतात बघू."

कार्तिकातली ती ढगाळलेली दुपार होती. मठाजवळच्या गल्लीत उन्हाचा मागमूस नव्हता आणि चार वाजतात न वाजतात तोच एका-दोन घरांतून पणत्या लागल्या होत्या. लहानपणी जिच्याबरोबर ती सागरगोटे खेळली होती ती समोरच्या घरातली बाई ओसरीवर फुलं ओवत बसलेली दिसली. तिनं मान वर केली, कृष्णवेणीकडे पाहिलं... पाहतच राहिली... आणि मग हातातला दोरा तसाच टाकून, आत जाऊन, तिनं हलकेच दार लोटून घेतलं.

माहेरचं दार भावजयीनं उघडलं. जयलक्ष्मी या घरात लग्न होऊन आली ती कृष्णवेणी गेल्यानंतर सहा वर्षांनी. दोघींनी एकमेकींना कधीही पाहिलं नव्हतं. तरी ती दचकली नाही. तिनं नजर खाली वळवली, बाजूला सरून वाट दिली आणि अगदी दबल्या आवाजात म्हणाली,

"या अक्का. आज दारानं आलात."

कृष्णवेणीच्या अंगावर सरसरून काटा आला.

आत सगळं तेच होतं. तोच काळसर लाकडी खांब, तोच तुळशीचा आणि ओल्या चुन्याचा वास. पुढच्या खोलीत आरामखुर्ची होती आणि तिच्यासमोर, बसायला मांडावा तसा, एक पाट. पाटाशेजारी पितळी टंबलरमध्ये झाकून ठेवलेली कॉफी. अजून वाफ येत होती.

"कोणाची ही?"

"तुमची," जयलक्ष्मी म्हणाली. "चार वाजले की काढून ठेवते. मी आले तेव्हापासून मामंजींचा नेमच आहे तो."

"आणि पितं कोण?"

जयलक्ष्मीनं तिच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं. "दिवेलागणीला टंबलर रिकामा असतो, अक्का. मी कधी विचारलं नाही."

आरामखुर्चीतून आवाज आला, "बैस. आज तुझ्या पावलांचा आवाज झाला."

रघूत्तमराव किती लहानसे झाले होते... उंचेपुरे अप्पा जणू त्या खुर्चीच्या कापडात विरघळत चालले होते. डोळ्यांवर मोतीबिंदूची दुधी साय होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते, पाटाकडे पाहत होते, आणि त्यांच्या मुद्रेवर ना राग होता ना आश्चर्य. रोजच्या माणसाशी रोजचं बोलावं तसे ते बोलत होते.

"पोर सहामाहींत पहिली आली, हें परवां तूं सांगितलेंस. मला फार बरें वाटलें. आणि मनगट कसें आहे? नवरात्रांत तेल उडालें होतें ना?"

कृष्णवेणीनं नकळत पदर मनगटावर ओढला. तळणीचं तेल उडून झालेला तो डाग तिनं घरातसुद्धा कोणाला दाखवला नव्हता. ती परवा इथे आली नव्हती. ती एकोणीस वर्षांत इथे आली नव्हती. मग या पाटावर रोज येऊन बसणारी, हिच्या लेकीचे गुण सांगणारी, हिच्या हातावरचे डागसुद्धा ठाऊक असणारी ही कोण होती? बाविसाव्या वर्षीच थांबलेली, कधी या घरातून न गेलेली, अप्पांना कधीही न दुखावणारी... भीतीच्या पाठोपाठ कृष्णवेणीच्या अंतःकरणात एक अनोखी, लाजिरवाणी कळ उठली. तिला त्या दुसरीचा हेवा वाटला.

ती पाटावर बसली नाही. जमिनीवर बसली.

"अप्पा, अर्ज आणलाय."

"ठाऊक आहे. पण टपालानें कां धाडलास? मेलेल्या माणसाचें टपाल घेतां येत नाहीं गे. नियम म्हणजे नियम." त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे."

जाड भिंगाचा चष्मा चढवून, कागद डोळ्यांपाशी नेऊन, त्यांनी सावकाश दाखला लिहायला घेतला. तीस वर्षं कोर्टात बसलेला हात. ओळी अजूनही सरळ होत्या. 'अर्जदार ही माझी कन्या कै. कृष्णवेणी हिची मुलगी असून...' खाली सही करून, वर आईच्या नावाच्या रकान्यातही त्यांनी ते एक अक्षर घातलं आणि त्याच्यापुढे टिंब दिलं.

"अप्पा... ते 'कै.' नको."

ते मायेनं हसले. "नाहीं घातलें तर खोटें होईल ना, वेणी."

वेणी. त्या हाकेनं तिचा सगळा धीर सुटला. ती पुढे झुकली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले.

विंचू चढावा तसे पाय वर ओढून रघूत्तमराव खुर्चीत मागे सरकले, हातातलं पेन घरंगळत गेलं, चेहरा राखेसारखा झाला.

"ऊन आहे," ते पुटपुटले. "हात ऊन आहे... कोण आहे ही? जयलक्ष्मी, घरांत कोण आलें आहे?"

जयलक्ष्मीनं तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खालीच होता. "अक्का, तुमच्या पाया पडते, त्यांना हात लावू नका. घाटावरून परत आले त्याच संध्याकाळी ते तुमच्याशी बोलायला लागले, असं हे मला सांगतात. तुम्ही गेलात असं धरूनच ते जगले आहेत. तुम्ही जिवंत असाल, तर मग त्यांनी त्या दिवशी काय केलं? कोणाला अग्नी दिला? या वयात हा प्रश्न त्यांच्यापुढे नका ठेवू. त्यांचं काळीज आधीच थकलंय."

कृष्णवेणी बाहेर आली, पडलेला कागद तिनं उचलला, खाली सही आहे ना ते पाहिलं आणि दाराशी, दूर उभं राहून म्हणाली, "येते अप्पा."

त्यांचा श्वास हळूहळू शांत झाला. ते पुन्हा पाटाकडे पाहत होते. "ये. कोणीतरी परकें आलें होतें बघ आतां... पोरीला जें कॉलेज हवें तें लिहूं दे. उद्यां ये."

चौऱ्याहत्तर साली तिला न विचारता मारलं होतं. या वेळी ती आपल्या पायांनी मरणात शिरली आणि दार आपल्या हातानं लावून घेऊन बाहेर पडली.

घरी आल्यावर ती आधी महालिंगच्या मागापाशी गेली. दोघांचं बोलणं तमिळमधून चाले, आणि मुळात थोडंच. पण त्या दिवशी तिनं सरळ विचारलं, "अप्पांना माझ्याविषयी सगळं ठाऊक कसं?"

महालिंगचा पाय मागाच्या पायपट्टीवर थांबला. मागाचा आवाज बंद झाल्यावर खोली एकदम मोठी वाटू लागली.

"दर शुक्रवारी सूत आणायला कुंभकोणमला जातो ना," तो म्हणाला. "तुझ्या भावाला भेटतो. वरदराज सोसायटीच्या दुकानाशी येतो. तू बरी आहेस, पोर काय शिकते, एवढं सांगतो. सुरुवातीला तो नुसता ऐकून जायचा. मग म्हणाला, घरी बोलताना माझ्या तोंडून निघतं आणि अप्पांच्या कानावर जातं."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

एकोणीस वर्षं या माणसानं ओठ मिटून दर शुक्रवारी तिला तिच्या माहेरी जिवंत ठेवलं होतं... ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकणार तोच तिला आठवलं.

"आणि मनगटाचं? तेल उडालेलं?"

महालिंगनं तिच्याकडे गोंधळून पाहिलं. "कुठलं तेल? तू मला कधी सांगितलंस?"

तिनं पदर पुन्हा मनगटावर ओढला.

शिवकामीनं मात्र अर्ज पाहिला आणि तो चटईवर ठेवून दिला. "मी नाही पाठवणार हा."

"एक अक्षर आहे, कामी. एका अक्षरानं तुझी पाच वर्षं होतात."

"त्या एका अक्षराखाली माझी सही आहे. वरील मजकूर सत्य आहे, असं लिहून द्यायचंय मला. आज सकाळी माझे केस कोणी विंचरले? तू मयत आहेस असं लिहून देऊन मी वकील होऊ?"

"त्या घरात ते खरंच आहे," कृष्णवेणी म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच शांतपणाचं भय वाटलं. "मला त्याचं काही नाही. आणि हे बघ, मरायचंच आहे तर मी बेंगळूरसाठी मरते. मद्राससाठी नाही. जे हवंय तेच लिही."

पोर उठून मागच्या अंगणात गेली. तिला रडताना कोणी पाहिलेलं चालत नसे.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले तरी शिवकामी शाळेतून आली नाही. चटईवरचा अर्जही जागेवर नव्हता. कृष्णवेणीनं पायात चपलासुद्धा न घालता बस गाठली.

माहेरचं दार उघडंच होतं. तिनं उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिलं. वरदराज कचेरीतून नुकताच आला असावा. तो आणि जयलक्ष्मी खांबाला टेकून, हलायलाही भिऊन उभे होते. पाटाशेजारी कॉफी झाकलेली होती. आणि पाट सोडून, नेमकी कृष्णवेणी काल बसली होती त्याच जागी, शाळेच्या निळ्या परकर-ओढणीच्या दावणीत शिवकामी बसली होती.

"तिचाच आवाज आहे तुला," रघूत्तमराव म्हणत होते. त्यांच्या मुद्रेवर आनंद होता. "विचार. कोर्टाचें काय विचारायचें तें विचार."

"ताता," शिवकामी आजोबांना म्हणाली. तिचं मराठी आईकडून शिकलेलं, तमिळ वळणाचं होतं आणि त्यात किंचित कंप होता. "कोर्टात एखादं माणूस आलं नाही तर लगेच गैरहजर लिहितात का?"

"छे, छे. तसें कसें? आधीं पुकारावें लागतें. बेंच क्लार्क पुकारतो. एकदां नव्हे, तीन वेळां. माणूस कोठें झाडाखालीं बसलें असेल, पाणी प्यायला गेलें असेल. तीन वेळां पुकारून ओ आली नाहीं, तरच गैरहजर."

"तुम्ही असं किती वर्षं पुकारलंत?"

"तीस."

"कधी एखाद्याला न पुकारता गैरहजर लिहिलंत?"

"कधीं नाहीं." म्हाताऱ्याचा आवाज ताठ झाला. "एकदांही नाहीं."

शिवकामीनं हातातला अर्ज जमिनीवर, त्यांच्या पायांपासून दूर, उलगडून ठेवला.

"मग अम्माला पुकारलं होतंत, ताता?"

वरदराजनं पुढे व्हायला पाऊल उचललं. जयलक्ष्मीनं त्याचा दंड धरला. रघूत्तमरावांचे ओठ हलत होते. त्यांनी पाटाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथून यायचं होतं. ते आलं नाही.

"नाहीं," ते म्हणाले. "तिला... पुकारलें नाहीं."

"आता पुकारा."

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले. वरदराज धावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. कोट सारखा करावा तसा उपरण्यावरून हात फिरवला, मान वर केली, आणि त्या सुकलेल्या देहातून तीस वर्षं भरल्या कोर्टात घुमलेला आवाज निघाला.

"कृष्णवेणी रघूत्तमराव, हजर?"

त्यांचं तोंड पाटाकडे होतं. पाट रिकामा होता. उंबऱ्याबाहेर कृष्णवेणीच्या कानात जयलक्ष्मीचं कालचं बोलणं घुमत होतं... तुम्ही जिवंत असाल तर त्यांनी काय केलं...

ते माजघराकडे वळले. "कृष्णवेणी रघूत्तमराव, हजर?"

आणि माजघराच्या अंधारात काहीतरी हललं. बांगड्यांचा बारीक आवाज झाला. बसलेलं कोणी उठू लागावं, हात जमिनीला टेकावा, तसा. तो एकट्या कृष्णवेणीनं ऐकला नाही. जयलक्ष्मीनं पदर तोंडाशी नेला. शिवकामीची मान गर्रकन तिकडे वळली. आत कोणीही नव्हतं. घरातली सगळी माणसं इथे, डोळ्यांसमोर होती. कृष्णवेणीला एका क्षणात कळून चुकलं, की तिसऱ्या हाकेला ओ जाणारच आहे. एक तर तिची, नाहीतर त्या दुसरीची. आणि ती दुसरी बोलली, तर या घरात तिला स्वतःला पुन्हा कोणी कधीच पुकारणार नाही.

"कृष्णवेणी रघूत्तमराव..." आवाज फुटला होता. "हजर?"

"हजर," कृष्णवेणी म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत आली. "कृष्णवेणी महालिंग. हजर आहे, अप्पा."

माजघरातला आवाज थांबला.

रघूत्तमराव वळले. कितीतरी वेळ ते त्या दुधी डोळ्यांनी दारातल्या उजेडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः, आपणहून, हात पुढे केला. तिनं आपला हात त्यात ठेवला. या वेळी ते मागे सरकले नाहीत. डाग सापडेपर्यंत त्यांनी तिच्या मनगटावर बोटं फिरवली. वरदराजनं आणि तिनं मिळून त्यांना खाली बसवलं.

"मीं तुला पुकारलें नाहीं गे," ते लहान मुलासारखे रडत म्हणत होते. "सगळ्या जगाला पुकारलें... तुला तेवढें नाहीं..."

अर्ज त्यांनी त्याच संध्याकाळी दुरुस्त केला. दोन्ही ठिकाणची 'कै.' एका रेघेनं खोडून, बाजूला पूर्ण सही आणि तारीख घातली. खाडाखोड कशी करावी हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. कॉलेजाची ओळ अजून कोरी होती. आणि गंमत अशी, की काल बेंगळूरसाठी मरायला निघालेल्या कृष्णवेणीलाच आता धीर होईना.

"मद्रास लिही, कामी," ती म्हणाली. "तिथलं नक्की आहे. बेंगळूरचं नाही झालं तर हातचं सगळंच जाईल."

शिवकामीनं आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. "ताता, तुम्ही सांगा."

"मला काय विचारतेस? मीं एकाचें आयुष्य ठरवून पाहिलें," रघूत्तमराव म्हणाले. "तुझी ओळ आहे. तूं लिही."

तिनं बेंगळूर लिहिलं. दुसऱ्या दिवशी वरदराजनं रजा काढली आणि अर्ज स्वतः तंजावरला नेऊन दिला. जानेवारीत निधीनं तिची निवड केली, मे महिन्यात ती परीक्षेला बसली. जूनमध्ये यादी लागली तेव्हा तिचं नाव शेवटून तिसरं होतं.

बाकीचं मात्र इतकं सरळ झालं नाही. कृष्णवेणी आता दर शुक्रवारी माहेरी जाऊ लागली. महालिंगही येई, पहिल्यांदा ओसरीवर बसे, मग हळूहळू पुढच्या खोलीत बसू लागला. पण त्या दिवसापासून पाटाशेजारच्या कॉफीला कोणी शिवलं नाही. दिवेलागणीला तिच्यावर जाड साय धरलेली असे आणि जयलक्ष्मी ती मुकाट्यानं मोरीत ओतून देई. चार वाजले की रघूत्तमराव पाटाकडे तोंड करून बसत, आणि लेक शेजारी बसलेली असतानाही त्यांच्या चेहऱ्यावर वाट पाहण्याची व्याकुळता दाटून येई.

"ती येत नाहीं आतां," ते एकदा म्हणाले. "मीं तुला पुकारलें म्हणून रुसली असेल."

कृष्णवेणीला तिचे वडील मिळाले होते, आणि त्यांची लेक मात्र गेली होती. या वेळी खरोखरच गेली होती, आणि तिचं सुतक ते एकटेच पाळत होते.

जुलैमध्ये बेंगळूरहून शिवकामीचं पहिलं पत्र आलं. ते घेऊन कृष्णवेणी शुक्रवारची वाट न पाहताच कुंभकोणमला गेली आणि अप्पांना वाचून दाखवू लागली. वर्ग कसे आहेत, जेवण कसं आहे, इंग्रजी ऐकून कान कसे शिणतात... आणि मग एक ओळ वाचताना तिचा आवाज आपोआप मंदावला. 'माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. दुसरीवर जी मुलगी यायची होती ती आलीच नाही. तरी अम्मा, का कोण जाणे, मला एकटं वाटत नाही.'

रघूत्तमरावांनी मान हलवली. ते अजिबात चकित झाले नाहीत. "बरें झालें," ते म्हणाले. "पोर एवढ्या दूर एकटी कशी राहील? मीं तिला म्हटलें होतें, रुसूं नको, आतां तूं तिकडे जा."

कृष्णवेणीनं पत्राची घडी घातली. भीती, ती ज्या भीतीला ओळखत होती ती, कुठेच नव्हती.

बाहेर पावसानंतरचं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि ते दारातून सरकत तिच्यापर्यंत आलं होतं. रघूत्तमराव खुर्चीतून पुढे वाकले. त्यांनी आपला चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला, डोळे बारीक केले, आणि पहिल्यांदाच एखादं माणूस पाहावं तसं तिला पाहिलं. मग त्यांचा हात तिच्या भांगावरून हळूच फिरला.

"वेणी," ते म्हणाले, "तुझे केस कधीं पिकले गे?"

"पिकले अप्पा... हळूहळू. सांगू?"

"सांग. मला कोठें जायचें आहे?"

तिनं पदरानं डोळे पुसले, त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर नीट मांडी घातली, आणि तिरुभुवनमच्या घरात पहिलं पाऊल टाकलं त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.